शांततेचे पाठभेद

आमच्या घरी नऊ कॅसेट आहेत. १९९६ च्या उन्हाळी सुट्टीत आईंना समोर बसवून आम्ही त्या भरून घेतल्या. 'आई' म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. एक जण त्यांना 'अगं' म्हणे आणि दुसरी 'अहो'. हा लेख दोघांनी मिळून लिहिला असल्यामुळे सर्वत्र आदरार्थी अनेकवचनच ठेवले आहे. मुलाच्या तोंडी ते जरा परके वाटते, पण त्याला इलाज नाही.

कॅसेटमध्ये बरेच काही आहे. लग्नातले रुसवेफुगवे आहेत, रेशनच्या रांगा आहेत, नारायण पेठेतल्या वाड्यातली नळावरची भांडणे आहेत. पण मुळात त्या भरून घेतल्या त्या पानशेतसाठी. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचे धरण फुटले, पुढे खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामावर गेलेले होते, आत्या साताऱ्याला मामांकडे होत्या, आणि वाड्यातल्या दोन खोल्यांत आई, त्यांचे सासरे आणि अकरा महिन्यांचे एक मूल एवढेच होते. ते मूल म्हणजे आम्हा दोघांपैकी एक. आई मुलाला घेऊन पर्वतीच्या दिशेने निघाल्या आणि वाचल्या. सासरे, ज्यांना आई 'मामंजी' म्हणत, मागे राहिले आणि वाचले नाहीत. घरात याविषयी कोणी उघड बोलत नसे. आत्यांनी मात्र पुढे कित्येक वर्षे आईंच्या हातचे पाणीसुद्धा हसून घेतले नाही. आपल्या वडिलांना न सांगता वहिनी निघून गेली, असे त्यांनी मनाशी धरले होते. आई १९९९ साली गेल्या.

निवृत्तीनंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, आम्ही नवा संगणक घेतला. टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात सुटे भाग निवडून तो जुळवून घेतला आणि बिबवेवाडीच्या आमच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी मांडला. विंडोज ११ ही प्रणाली तेव्हा नुकतीच, म्हणजे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली होती आणि भाचीने हौसेने तीच घालून दिली. तिला टीपीएम नावाची एक सुरक्षा-सोय चालू असावी लागते, तीही तिने बायोसमध्ये शिरून चालू केली. तेव्हा आम्ही मागे उभे राहून चहा पीत होतो. त्या दोन मिनिटांत काय घडले हे समजायला आम्हाला पुढचे पाच महिने लागले.

जानेवारीत कॅसेटचे काम काढले. जुन्या टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडायची, एका बाजूने ध्वनिमुद्रणाची आज्ञावली सुरू करायची, दुसऱ्या बाजूने कॅसेट लावायची आणि आपल्या कामाला लागायचे. साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरायला साठच मिनिटे लागतात, तिथे घाई चालत नाही. एक बाजू संपली की खट्‌ असा आवाज येई, मग स्वयंपाकघरातून किंवा गॅलरीतून उठून यायचे आणि बाजू पालटायची. नऊ कॅसेट अशा पंधरवड्यात उतरल्या. मग आम्ही त्या फाइली ऐकत ऐकत सगळे कथन अक्षरशः टंकून काढले. बोलणाऱ्याचे खोकणे, 'म्हंजे', 'नव्हे का', मध्ये थांबणे, सारे काही नोंदवायचे ही शिस्त आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवली होती, तेव्हा आपल्याच घरातल्या कथनाला ती न लावून कसे चालेल? आई जिथे थांबल्या तिथे कंसात 'थांबतात' असे लिहिले.

सातव्या कॅसेटमध्ये, पुराच्या सकाळचे वर्णन करताना, आई म्हणतात, "मामंजींना मी", आणि थांबतात. सुमारे दोन सेकंद. मग म्हणतात, "आणि मग मी बाळाला उचललं, निघाले."

हे दोन सेकंद आम्हाला फार मोठे वाटले. फेब्रुवारीत एका महाविद्यालयाच्या चर्चासत्रात (करोनामुळे ते पडद्यावरच झाले) आम्ही 'मौखिक कथनातील मौन' या विषयावर निबंध वाचला आणि त्याचा कळस या दोन सेकंदांवर बांधला. वाक्य कर्मापाशी येऊन क्रियापदाविना थांबते. निवेदक जे करू शकली नाही ते क्रियापद भाषेतही उच्चारू शकत नाही. अपराधभाव इथे व्याकरणाच्या पातळीवर व्यक्त होतो, वगैरे. निबंध बरा वठला होता. दोघातिघांनी प्रत मागवून घेतली. आम्ही ती दिली, हे इथे नोंदवून ठेवतो.

एव्हाना संगणक मात्र विचित्र वागू लागला होता, किंवा पहिल्यापासूनच वागत असावा आणि आमचे लक्ष आता गेले असावे. टंकताना अक्षरे उमटेनाशी होत, माऊसचा बाण आहे तिथे खिळून राही, चालू असलेले गाणे एकाच स्वरावर घरघर करी, आणि सेकंद-दीड सेकंदाने सगळे एकदम पूर्ववत. राहिलेली अक्षरे एका झटक्यात पडद्यावर येत. दिवसातून कधी चारदा, कधी दहादा. पहिला संशय अर्थातच विजेवर गेला. पुण्यात राहणाऱ्या माणसाला गुरुवारचा धाक असतोच. दुरुस्तीसाठी वीज जायची तर गुरुवारी. यूपीएस तपासून घेतला, तापकीर गल्लीत जाऊन नवी वायर आणली. मग धुळीवर संशय घेतला. मग विषाणूवर. दुकानदाराने संगणक चार दिवस ठेवून घेतला, स्मृतीच्या पट्ट्या बदलून दिल्या आणि "सर, आमच्याकडे तर काहीच होत नाही" असे सांगून परत केला. यात तो खोटे बोलत होता असे नाही. ज्या दोषाला ठरलेली वेळ नसते तो दुरुस्त करणाऱ्यासमोर कधीच येत नाही, हे दातदुखीवरून सर्वांना ठाऊक आहे.

शेवटी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, अंदाज करत बसू नका. वही घ्या. कधी अडखळला, तेव्हा तुम्ही काय करत होता, किती वेळ थांबला, सगळं लिहा. मामी, तुम्ही लिहा खरं तर, मामांचं अक्षर मला लागत नाही."

मामींनी लिहिले. ती वही अजून आहे. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहता एवढे दिसले की अडखळण्याचा आणि कामाचा काही संबंध नाही. मोठी फाइल उघडताना होई तसेच पडद्यावर काही नसतानाही होई. सकाळ-संध्याकाळ भेद नाही. वारांत भेद नाही, त्यामुळे गुरुवार निर्दोष सुटला. आणि जेव्हा होई तेव्हा माऊस, कळफलक, आवाज असे सगळे एकाच क्षणी थांबे. एखादी आज्ञावली बिघडली तर ती एकटी बसते, इतरांना बसवत नाही. भाचीला यावरून दिसले की दोष प्रणालीच्याही खाली कुठेतरी आहे, जिथे सर्वांना थांबवण्याचा अधिकार असतो.

टीपीएम म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. संगणकात किल्ल्या ठेवण्याची ती एक स्वतंत्र पेटी असते. चकती कुलूपबंद करायची तर तिची किल्ली इथे राहते. संगणक सुरू होताना वाटेत कोणी काही बदलले आहे का, याची मोजदादही इथे जमा होते. पूर्वी यासाठी मदरबोर्डवर वेगळी चिप लावत. पुढे तो खर्च वाचवण्यासाठी हेच काम प्रोसेसरच्या पोटातल्या एका संरक्षित कप्प्यात, फर्मवेअरच्या रूपाने करू लागले. काम तेच, पण या पेटीला स्वतःचे कपाट नाही. तिला काही लिहून ठेवायचे झाले की मदरबोर्डवरच्या ज्या लहानशा चिपमध्ये बायोस असते तिथे जावे लागते, आणि ती चिप संथ असते. ज्या कंपनीचा प्रोसेसर आमच्या यंत्रात होता तिने मार्च २०२२ मध्येच जाहीर केले होते की काही यंत्रांवर हा व्यवहार कधीकधी लांबतो आणि तो संपेपर्यंत सारा संगणक थबकतो. कचेरीतला एक कारकून दफ्तरखान्यात गेला आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्याचकडे असल्याने बाकी सगळे हातावर हात ठेवून बसले, असा हा प्रकार. कंपनीने उपायही सांगितला होता. बायोसची नवी आवृत्ती मे महिन्यापासून मदरबोर्डच्या उत्पादकांकडून मिळू लागेल; तोवर वाट पाहावी, किंवा जमत असल्यास वेगळी टीपीएम चिप बसवावी.

पण आपल्या यंत्राचा आजार हाच कशावरून? न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक आम्ही काव्यशास्त्राच्या तासाला शिकवीत आलो. तो असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. भाचीने आधी दोनदा विचारले, चकती कुलूपबंद केली आहे का? होती. तशा स्थितीत टीपीएमला हात लावला तर पुढच्या वेळी संगणक अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो आणि ती जवळ नसेल तर आतले सगळे कायमचे आत राहते. ते आकडे कागदावर उतरवून आपट्यांच्या 'शब्दरत्नाकरा'त ठेवले, मग कुलूप तात्पुरते काढले आणि टीपीएम बंद केले. चार दिवस एकदाही अडखळला नाही. पुन्हा चालू केले. त्याच संध्याकाळी, वरणाला फोडणी बसत असताना, माऊस खिळला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. आजार ओळखू आल्याचा आनंद आजारापेक्षा मोठा असतो की काय कोण जाणे.

तो आनंद जेवण होईपर्यंत टिकला. भांडी आवरताना मामींना, म्हणजे आम्हा दोघांपैकी दुसरीला, आठवले की जानेवारीत कॅसेट उतरवल्या त्या याच यंत्रावर.

भाचीला रात्री साडेदहाला पुन्हा फोन. संगणक दीड सेकंद थबकला तर तेवढ्या वेळात टेपरेकॉर्डरमधून येणाऱ्या आवाजाचे काय होते? ती म्हणाली, थोडा वेळ तो साठवून धरला जातो, पण ती जागा भरली की पुढचा आवाज सांडतो. आमची आज्ञावली सांडलेल्या आवाजाच्या जागी, वेळेचा हिशेब चुकू नये म्हणून, तेवढीच शांतता भरत होती. आणि तसे केल्याचे सांगत नव्हती.

मग तिने एक युक्ती सांगितली. आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून पाहायची. माणूस बोलता बोलता थांबतो तेव्हा खोली थांबत नाही. फितीची स्वतःची खसखस असते, पंखा असतो, श्वास असतो, त्यामुळे रेघ बारीक थरथरत राहते. यंत्राने भरलेली शांतता मात्र शून्य असते. पट्टीने आखल्यासारखी सरळ.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही 'थांबतात' असे लिहिलेली प्रत्येक जागा तपासली. बहुतेक जागा थरथरत होत्या. एका ठिकाणी कुकरची शिट्टी होती, एका ठिकाणी दूर कुठे भंगारवाल्याची हाक. चौदा जागा सरळ होत्या. सातव्या कॅसेटमधली ती जागा सरळ होती.

पुण्यात मराठी किंवा संस्कृत शिकलेल्या माणसाला पाठचिकित्सा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले, १९२५ पासून ते सुकथनकरांकडे आले आणि संपले १९६६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हस्तलिखितात अक्षर गळते ते लेखनिकाच्या हातून गळते, कवीच्या नव्हे, आणि त्या गळतीवर अलंकारशास्त्र चालवू नये, हा या विद्येचा पहिला धडा. आम्ही तो तीस वर्षे फळ्यावर लिहिला. आमचा लेखनिक हाताने लिहीत नव्हता एवढाच फरक होता, आणि त्या फरकामुळे तो लेखनिक आहे हेच आमच्या ध्यानात आले नाही. हस्तलिखिताची आम्ही आधी प्रत तपासली असती. यंत्राने दिलेली प्रत मूळच समजून तिचा अर्थ लावायला बसलो.

सुदैवाने मूळ शिल्लक होते. पण आधी यंत्र नीट व्हायला हवे होते. आमच्या मदरबोर्डसाठीची नवी बायोस जूनमध्ये आली. ती चढवणे हे पेनड्राइव्हवरून पाच-सात मिनिटांचे काम, पण मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. बिबवेवाडीत जूनच्या पहिल्या पावसात वीज कशी राहते हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. गंगाधामच्या बाजूने ढग आले की आमच्याकडे आधी मेणबत्त्या शोधतात. एका कोरड्या सकाळी, शेजाऱ्यांचा चांगला यूपीएस मागून आणून, भाचीने ते काम केले. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाईतो घरात कोणी बोलले नाही. नंतर आठवडाभर वही उघडी ठेवली. तिच्यात काही लिहावे लागले नाही.

(पुढच्या वर्षी भाचीने कळवले की हेच दुखणे लिनक्समध्ये वेगळ्या वाटेने उगवले. ६.१ या आवृत्तीपासून ती प्रणाली यादृच्छिक अंक या पेटीकडून मागू लागली होती आणि यंत्रे पुन्हा थबकू लागली. जुलै २०२३ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागले आणि हे मागणेच बंद करावे असे त्यांनी सुचवले. तसे मग करण्यात आले. आम्हाला त्यातले फारसे कळत नाही, पण तो वैताग मात्र पुरेपूर कळला.)

मग सातवी कॅसेट पुन्हा लावली. या वेळी कोणी गॅलरीत गेले नाही. दोघेही टेपरेकॉर्डरसमोर बसलो.

"मामंजींना मी दोनदा हाक मारली, आणि मग मी बाळाला उचललं, निघाले."

क्रियापद होते. पहिल्यापासून होते. आईंनी ते स्वच्छ, न अडखळता उच्चारले होते, तेही रोजच्या आवाजात, जसे दूध उतू गेल्याचे सांगावे. १९९६ मध्ये आम्ही समोर बसून ते ऐकलेही असणार. सव्वीस वर्षांनी आम्ही त्यांच्या तोंडचे हे तीन शब्द काढून घेतले आणि त्या जागी त्यांचा अपराध ठेवला, आणि चर्चासत्रात त्याला मान्यता मिळवली. निबंधाच्या प्रती ज्यांना दिल्या होत्या त्या सर्वांना आम्ही पत्रे लिहिली. एकाने उत्तर पाठवले की तरीही मूळ विश्लेषण मार्मिक होते. हे वाचून आम्हाला जितकी शरम वाटली तितकी निबंध मागे घेताना वाटली नव्हती.

जुलैत आत्यांकडे गेलो. त्यांना आता अठ्ठ्याहत्तरावे लागले होते, कान चांगले होते. आधी काहीच सांगितले नाही, फक्त तेवढा भाग ऐकवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाल्या, "दादा ओ द्यायचेच नाहीत. पोथ्यांत असले की ओ द्यायचेच नाहीत. आई मेली हाका मारून मारून." 'दादा' म्हणजे त्यांचे वडील. बराच वेळ आतल्या खोलीत जाऊन आल्या आणि लाडू घेऊन जा म्हणाल्या. वहिनींविषयी त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारले नाही.

चौदांपैकी तेरा जागा मूळ फितीवरून भरून निघाल्या. बहुतेक ठिकाणी 'तर', 'नव्हे का', एखादे नाव, साखरेचा भाव असेच काहीबाही निघाले. चौदावी आठव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे. पाणी ओसरल्यावर आई वाड्यावर परत जातात. "दार ढकललं तेव्हा", म्हणतात, मग सरळ रेघ, मग "पोथ्या ओल्या, पण बांधलेल्या होत्या." ही कॅसेट जानेवारीत नीट चालली होती. जूनमध्ये लावली तेव्हा टेपरेकॉर्डरच्या रुळांनी फीत ओढली, चुरगळली आणि नेमकी याच्या अलीकडे तोडली. एका जाणकाराकडून ती जोडून आणली. पण चुरगळलेला जो तुकडा कापावा लागला त्यात हे दीड सेकंद गेले. तो तुकडा आम्ही लिफाफ्यात ठेवला आहे, त्यातून आवाज निघत नाही.

आम्ही दोघांनी त्या जागेवर काय असेल याचे आपापले तर्क केले आहेत आणि ते एकमेकांना सांगितलेले नाहीत. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ज्या पाठाची पुरती खात्री नसते त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली असते. आमच्याकडे रेघेवर ठेवायला शब्द नव्हता. सुधारलेल्या संहितेत तेवढी जागा कोरी सोडली, 'थांबतात' हा शब्द काढला आणि त्या कोऱ्या जागेखाली नागमोडी रेघ ओढून ठेवली.